तोंडात बोळा कोंबलेला कॉम्प्युटर

मित्रांनो, मी फैजपूरजवळच्या एका केळीच्या सोसायटीतला जुनाट कॉम्प्युटर. मित्रांनो म्हणतोय ते रीत म्हणून. माणसांशी माझी मैत्री वगैरे काही नाही. ज्यांच्यासोबत मी आयुष्य काढलं ते नग तुम्ही पाहिले असते, तर तुम्हीही माझ्याइतकेच खवचट झाले असता.

माझा जन्म धुळ्याचा. आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत सुकदेव नावाच्या माणसाने मला जोडलं. डबा एकाचा, पंखा दुसऱ्याचा, हार्ड डिस्क मुंबईहून आलेली आणि कोणीतरी आधीच वापरून दमवलेली. गिऱ्हाईक आलं की सुकदेव माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायचा, "हाई मशीन बठ्ठासना बाप शे!" शेजारच्या टेबलावरच्या डब्यालाही तो असंच सगळ्यांचा बाप म्हणायचा. मला तेव्हाच कळलं की माणसाच्या कौतुकाची किंमत काय असते.

एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं. सोसायटीचे चेअरमन तोताराम आबा मला न्यायला आले. सोबत त्यांचा भाचा झुलाल. हा झुलाल जळगावच्या एका क्लासमधून कॉम्प्युटर शिकून आला होता. सर्टिफिकेटला काच लावून घेतली होती, अक्कल मात्र उघडीच राहिली होती. एसटीत आबांनी मला खिडकीच्या सीटवर बसवलं. कंडक्टर म्हणाला, याचं तिकीट काढा. आबा म्हणाले, हा काय माणूस आहे का. पारोळा येईपर्यंत तेच भांडण चाललं. शेवटी झुलालने मला मांडीवर घेतलं आणि जळगावपर्यंत माझ्यावर डोकं टेकून घोरत आला.

सोसायटीत उतरवलं आणि लगेच माझी पूजा. हळदीकुंकू स्क्रीनवर, उदबत्ती पंख्याच्या जाळीत. आबांनी नारळ फोडला तो थेट कीबोर्डच्या कडेवर. ते पाणी ज्या बटणांत शिरलं ती बटणं जन्मभर चिकटत राहिली. झुलाल म्हणायचा, "धुळ्याचा माल असाच राहते." म्हणजे पाणी तुम्ही ओता आणि बदनाम धुळं होऊ द्या.

आता कामाचं ऐका. आमच्या भागात केळी हिरवी असतानाच कापतात. घड उतरवायचे, गाडीत रचायचे, सावद्याच्या स्टेशनावर वॅगनमध्ये भरायचे आणि वॅगन दिल्लीकडे. झाडावरच पिवळी पडलेली केळी वॅगनमध्ये कोणी घेत नाही, वाटेतच तिचा लगदा होतो. म्हणून कटाईला नंबर लागतो. कोणाच्या मळ्यात कापणारी टोळी कधी जाणार, ते सोसायटी ठरवते. आधी हे सगळे नंबर आबांच्या डोक्यात असायचे. आबांच्या डोक्यात त्यांच्या पाहुण्यांचे नंबर फार लवकर लागायचे. लोकांनी बोंबाबोंब केली, म्हणून मला आणलं. आता कसं, यंत्र नंबर देणार. यंत्राला पाहुणे नसतात.

झुलालने ठरवलं की हे काम वेबसाइटवर करायचं. गावात इंटरनेट नाही. सोसायटीच्या फोनमधून आवाज कमी आणि खरखर जास्त. ही साइट बघू शकेल असा जगात एकच कॉम्प्युटर होता, तो म्हणजे मी. तरी येईल त्याला झुलाल सांगायचा, "सोसायटीची वेबसाइट बनवू राह्यलो." क्लासमधून त्याने एक सीडी आणली होती. त्यात पान बनवायला पीएचपी आणि माहिती साठवायला मायएसक्यूएल. औषध चांगलं होतं, डॉक्टर बोगस होता.

पहिल्याच दिवशी त्याने चार ओळी लिहिल्या आणि त्या फायलीवर दोनदा टिचकी मारली. ब्राउझरमध्ये त्याचा सगळा कोड जसाच्या तसा उघडा पडला. झाला चालू, "हे यंत्रच खराब आहे!" अरे बाबा, पीएचपीची फाईल अशी घरातल्या घरात उघडायची नसते. आधी सर्व्हर चालू कर, मग ब्राउझरच्या पट्टीत लोकलहोस्ट लिहून त्या वाटेने ये. सर्व्हर कोड वाचतो, चालवतो आणि मग पान देतो. तू कणीक ताटात वाढून घेतलीस आणि म्हणतोस पोळी कच्ची. हे त्याला कळेपर्यंत आठवडा गेला आणि मी तेवढ्या वेळा शिव्या खाल्ल्या.

पुढचं सांगायला मलाच लाज वाटते. ओळीच्या शेवटी अर्धविराम टाकायचा विसरायचा. मी सांगायचो, चौदाव्या ओळीवर अडलो. हा गडी चौदावी ओळ न्याहाळत बसायचा आणि म्हणायचा, "हिच्यात त काही चूक नही." चूक तेराव्या ओळीच्या शेवटी असायची. तिथे मला थांबायला कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून मी चौदावीत जाऊन आपटायचो. जिथे मी पडलो तिथलीच जमीन काय खोदतोस? एक ओळ मागे बघ की. पण मागे बघायला मान वळवावी लागते.

एकदा अभिमन नावाचा सभासद आला. तो नशिराबादला राहायला गेला होता, म्हणाला, माझा पत्ता बदल. झुलालने हुकूम सोडला की गाव बदलून नशिराबाद कर. कोणाचं गाव, ते सांगितलंच नाही. मी हुकमाचा ताबेदार. अख्खी सोसायटी नशिराबादला नेऊन ठेवली. सगळ्यांचे पत्ते बघून झुलालच्या कपाळाला घाम फुटला. आबांनी विचारलं, "काय झालं रे?" हा म्हणाला, "व्हायरस आला, मामा." आबांनी रुमाल काढून नाकाला लावला. खरंच लावला.

तर असा हा कारभार. तरी इथपर्यंत निदान मला बोलायची मुभा होती. ती कशी गेली ते ऐका.

एक दिवस जिल्ह्याहून साहेब लोक बघायला आले. टेबलावर फुलं, बशीत काजू. झुलालने ऐटीत बटण दाबलं, आणि त्याची एक ओळ फसली म्हणून मी स्क्रीनवर जाड अक्षरात सांगून टाकलं की इथे चुकलंय, या या ओळीवर. माझं कामच ते. साहेब हसले. आबांचं तोंड पडलं. साहेब गेल्यावर आबांनी भाच्याला झाडला. "घरची भांडनं पाव्हन्यांपुढे काढते का हे? याचं तोंड बंद कर आधी!"

पीएचपीत एक चिन्ह आहे, @. ते ज्या कामाच्या आधी लावाल ते काम फसलं तरी मी गप्प बसायचं. जाणती माणसं ते क्वचित, विचार करून लावतात. झुलालने फवारणी करावी तसं ते सगळीकडे मारलं. म्हणजे माझ्या तोंडात बोळाच. आणि वरून कहर असा की प्रत्येक पानाच्या शेवटी त्याने हिरव्या अक्षरात कायमचं लिहून ठेवलं, "नोंद झाली". नोंद होवो न होवो, काहीही विचारायचं नाही, सरळ "नोंद झाली". आबा खूश. म्हणाले, "आता कसं शहान्यासारखं वागू राह्यलं!"

त्यातच दुसरी भानगड. मी जुना, मला पान दाखवायला वेळ लागायचा. झुलालला दम कुठला? नाव भरून बटण दाबलं की लगेच रिफ्रेश. ब्राउझर विचारायचा, हीच माहिती पुन्हा पाठवू का? हा न वाचताच ओके. मी इमानदारीत तीच नोंद पुन्हा करायचो. एकट्या अभिमनचे पाच अभिमन झाले आणि टोळी त्याच्या मळ्यात चकरा मारायला लागली. मुकादम भडकला. आला आणि माझ्यासमोर टोपी आपटली.

यावर उपाय सोपा होता. प्रत्येक सभासदाला एक आकडा द्यायचा, जो दुसऱ्या कोणाचा नसेल. आणि नोंद झाली की दुसऱ्या पानावर जायचं, म्हणजे रिफ्रेशने काही पुन्हा जात नाही. झुलालने काय केलं? त्याने ठरवलं, एका नावाचा एकच माणूस.

आता तुम्हीच बघा, कुठे बसून तो हे ठरवतोय. आमच्या गावात आजोबाचं नाव नातवाला, आडनाव निम्म्या गावाचं पाटील. एका नावाला हाक मारली तर गल्लीतून दोन तीन माना वर होतात. म्हणून तर गावाने प्रत्येकाला लकब, म्हणजे टोपणनाव, चिकटवलेलं. कौतिक जीवराम पाटील हेच नाव दोघांचं होतं. एक मोठ्याने बोलतो म्हणून भोंग्या कौतिक. दुसऱ्याचे डोळे सारखे पाणावतात म्हणून चिपड्या कौतिक. शेंबड्या पोरालाही हे माहीत.

झुलालच्या डोक्यात एवढा प्रकाश तरी पडला. त्याने विचारलं, "मामा, एका नावाचे दोन असले त? लकब टाकू का?"

आबा खेकसले, "येडा झाला का तू? सोसायटीच्या यंत्रात चिपड्या लिहशीन? उद्या लोके कोयते घिसन येतीन आठी!"

"मंग?"

"मंग काय मंग? नाव आहे ना बापानं ठेवेल? तेच टाक."

लकब तोंडावर बोलायची, लिहायची नाही. ही इथली रीत, तिला माझी ना नाही. पण मग आकडा द्या, मळ्याचं नाव द्या, आईचं नाव द्या. काहीच नाही. झुलालने एक हुकूम मारला की नाव दुसऱ्यांदा आलेलं असेल तर ती नोंद फेकून दे आणि इथून पुढे तेच नाव पुन्हा घेऊ नको. अभिमनच्या जास्तीच्या नोंदी गेल्या. आणि त्यासोबत चिपड्या कौतिक पण गेला. जिवंत माणूस, मळ्यात उभी केळी, आणि माझ्यात त्याचा मागमूस नाही. राहिला फक्त भोंग्या. त्याची कटाई झालेली होती, तशी त्याच्या नावापुढे खूण होती.

दिवस निघून गेले आणि एका दुपारी चिपड्या कौतिक सोसायटीत आला. बोलायला मऊ माणूस. उपरण्याने डोळे पुसत दारातच उभा राहिला.

"आबा, माह्या मळ्यात टोळी आलीच नही. घड भरले, पिवळेपन धरू राह्यले."

आबांनी झुलालकडे पाहिलं. झुलालने माझ्याकडे पाहिलं. नाव टाकलं. "मामा, याची त कटाई झाली."

"झाली तुही कटाई, कौतिक," आबा म्हणाले.

"कव्हा झाली?"

"यंत्रात लिहेल आहे."

"मंग माह्या झाडाले काय लटकू राह्यलं? दुधी भोपळे?"

मला हसू आलं, पण बोळा होता. आबा त्याला लहानपणापासून ओळखत होते. त्याच्या लग्नात पंक्तीत बसून जिलेबी हाणली होती. समोर उभा आहे तो चिपड्या, कटाई झाली ती भोंग्याची, हे कळायला कॉम्प्युटर लागतो का? पण एकदा स्क्रीनवर अक्षरं उमटली की या लोकांच्या डोळ्यांना समोरचा माणूस दिसेनासा होतो. झुलाल म्हणाला, "पुन्हा नोंद करून टाकतो, काका." टाकली. मी आतून ओरडलो की हे नाव आधीच आहे, मला घेता येत नाही! बोळ्याने आवाज गिळला. पानावर हिरवी अक्षरं, "नोंद झाली".

"झाली पाहा नोंद. जा आता निवांत," आबा म्हणाले.

बिचारा निवांत गेला. टोळी मात्र माझ्यातून छापलेल्या चिठ्ठीशिवाय पाऊल उचलत नव्हती, आणि चिठ्ठी निघणार कुठून? तो परत आला, पुन्हा तेच. परत आला, पुन्हा तेच. दर वेळी "नोंद झाली". ऊन असं पडलं होतं की पत्र्यावर पापड भाजावेत. घड काही नोंदीची वाट बघत थांबत नाहीत.

मग एके सकाळी त्याची बायको आली, धुरपदाबाई. हातात केळीची एक फणी, अर्धी हिरवी, अर्धी पिवळी. तिने ती फणी आणून माझ्या डोक्यावरच ठेवली.

"टाक नाव," ती झुलालला म्हणाली.

"काकू, टाकेल आहे ना..."

"माह्यासमोर टाक."

झुलालने टाकलं. हिरवी अक्षरं आली.

"काय लिहेल आहे?"

"नोंद झाली."

"दाखव मंग कठी झाली ते."

झुलालने यादी काढली. वर खाली केली, पुन्हा वर केली. भोंग्याची ती एकच जुनी नोंद, बाकी काही नाही.

आबा मध्ये पडले. "धुरपदा, यंत्र खोटं बोलत नही."

"मंग माहा मालक खोटा? हे केळं खोटं?" ती झुलालकडे वळली. "मले एक सांग भाऊ. हे 'झाली' म्हनते, ते याले कोनी शिकवलं? हे काय आईच्या पोटातून शिकून आलं?"

झुलाल कीबोर्डवरची धूळ पुसायला लागला.

"तूच शिकवलं ना? तू म्हनशीन ते म्हनते ना हे? मंग तू याले काय म्हनू नको असं सांगेल आहे, तेही सांग."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी बरोबर प्रश्न विचारला आणि तोही माझ्याकडे ढुंकून न बघता. झुलालचे कान लाल झाले. मला वाटलं आता हा पुन्हा व्हायरस म्हणेल. म्हणाला नाही. खाली मान घालून त्याने फाईल उघडली आणि त्या एका ओळीपुढचं @ खोडलं. पुन्हा नाव टाकलं, बटण दाबलं.

आणि मी बोललो. जाड अक्षरात, ओळीच्या आकड्यासकट. कौतिक जीवराम पाटील, हे नाव आधीच आहे, दुसऱ्यांदा घेता येत नाही.

झुलालने अडखळत वाचून मराठीत सांगितलं.

"आधीच आहे म्हंजे? आहेच!" धुरपदाबाई म्हणाली. "तो भोंग्या नही का? अख्ख्या गावाले माहीत आहे दोघं आहेत म्हनून. तुमालेच कसं माहीत नही?"

आबांना एकदम खोकला आला. तपकीर न ओढता आला.

झुलालने चिठ्ठी हाताने लिहून दिली. मुकादमाने ती आधी घेतली नाही, म्हणाला छापील लागते. धुरपदाबाईने त्याला जे काही ऐकवलं ते मी चारचौघांत सांगत नाही. टोळी गेली. पण उशीर झाला होता. स्टेशनावर वॅगन भरणाऱ्याने एकेक घड उलटा करून बघितला आणि पिवळे बाजूला काढले. वॅगनमध्ये चढली ती मळ्याच्या एका कोपऱ्यातली हिरवी केळी. बाकी सगळा मळा गाडीभर होऊन परत आला.

त्याच आठवड्यात सोसायटीची मीटिंग झाली, माझ्याच खोलीत. आबा म्हणाले, घडलं ते वाईट घडलं, पण कॉम्प्युटरची गडबड झाली. सगळ्यांनी माना हलवल्या. सोयीचं होतं ना! यंत्राची चूक म्हटलं की कोणाला भरून द्यावं लागत नाही. धुरपदाबाई दाराशी उभी होती. ती कोणाशी भांडली नाही, फक्त झुलालकडे बघत राहिली. झुलाल उठला. त्याने तोंड उघडलं, आबांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "हो, गडबडच झाली." बसला.

त्याने नंतर एक काम धड केलं, ते मी नाकारत नाही. सगळ्यांना एकेक आकडा दिला आणि माझ्या तोंडातले सगळे बोळे काढले. इतक्या दिवसांच्या दाबलेल्या चुका भडाभडा बाहेर पडल्या आणि तो एकेक निस्तरत बसला. पण मीटिंगमध्ये जे बोलायचं होतं ते नाहीच बोलला. पुढे नवीन यंत्र आलं तेव्हा मला पोत्याखाली ढकलताना त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

परत आलेली ती पिकली केळी चिपड्या कौतिकने गावभर वाटली. विकायची कुठे, सगळ्यांच्याच घरी केळी. धुरपदाबाई स्वतः टोपली घेऊन दारोदार फिरली. सोसायटीतही आली. टेबलावर फणी ठेवली आणि पुढच्या दाराकडे गेली. आबांनी एक सोललं, दुसरं सोललं, आणि म्हणाले, "गोड आहे बरं का."

तर मित्रांनो, शेवटी शिकवण द्यायची असते, घ्या. माझ्यावर झालर लावलेलं कापड घालू नका. दसऱ्याला झेंडू नको, कुंकू नको. मी चुकलंय म्हणालो तर ते वाचा, शेवटपर्यंत. ओळीचा आकडा दिलेला असतो, तिथे जा, नाहीतर एक ओळ मागे जा. बदल करताना कोणाचा करायचा ते सांगा. काम झालं की नाही ते बघून मगच झालं म्हणा. प्रत्येकाला त्याचा आकडा द्या, नाव कितीही सारखं असो. आणि माझं बोलणं लाजिरवाणं वाटलं तर लाजा, पण माझं तोंड दाबू नका. एवढंही जमत नसेल तर मला हात लावू नका. तुम्ही इथे बटणं बडवत असता, तिकडे कोणाच्या तरी झाडावर घड पिकत असतात.